'मारा साल्वात्रुचा' : निर्वासितांच्या मुलांची टोळी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने 'एमएस-१३' अर्थात 'मारा साल्वात्रुचा' या टोळीला परकीय दहशतवादी संघटना म्हणून घोषित केले. ही टोळी बाहेरून अमेरिकेत शिरली, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तिचा जन्म अमेरिकेतच, लॉस एंजेलिस शहरात झाला.

एल साल्व्हाडोर हा मध्य अमेरिकेतील चिमुकला देश. २४ मार्च १९८० रोजी तेथील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची पवित्र मिस्सा अर्पण करीत असताना हत्या झाली. त्यानंतर भडकलेले यादवी युद्ध १९९२ पर्यंत चालले व त्यात सुमारे ७५ हजार माणसे मरण पावली. लाखो लोक देश सोडून गेले. त्यांपैकी अनेक कुटुंबांनी लॉस एंजेलिसच्या गरीब, दाटीच्या वस्त्यांत आसरा घेतला. तेथे मेक्सिकन वंशाच्या टोळ्यांचा आधीच जम बसलेला होता. रॉक संगीताच्या वेडाने एकत्र आलेली साल्व्हाडोरी मुले आत्मसंरक्षणासाठी संघटित झाली आणि पुढे स्वतःच हिंसक बनली. नावातील '१३' हा आकडा इंग्रजी वर्णमालेतील तेराव्या, 'एम' या अक्षराचा निदर्शक असून, तुरुंगांवर वचक असलेल्या 'मेक्सिकन माफिया'शी असलेली निष्ठा तो दर्शवितो.

तिची कट्टर वैरी म्हणजे 'एटीन्थ स्ट्रीट' ही अधिक जुनी टोळी. राष्ट्रीयत्वाचा भेद न करता ती स्थलांतरितांना सामावून घेई. त्यामुळे साल्व्हाडोरी मुले दोन्हीकडे होती. तुरुंगात दोन्ही टोळ्या त्याच माफियाला मानीत. हे वैर वंशाचे नव्हते, धर्माचे तर नव्हतेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सूडाचे चक्र सुरू झाले आणि प्रत्येक खून पुढच्या खुनाचे कारण ठरत गेला.

१९९६ च्या कायद्यानंतर अमेरिकेने गुन्हेगार स्थलांतरितांना मोठ्या संख्येने मायदेशी धाडले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशात त्यांच्यासोबत ते वैरही पोचले. २०१२ मध्ये लष्करी धर्मप्रांताचे बिशप फाबियो कोलिंद्रेस यांच्या मध्यस्थीने दोन्ही टोळ्यांत समेट झाला व खुनांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु दोन वर्षांतच तो मोडला. मार्च २०२२ मध्ये तीन दिवसांत ८७ खून झाल्यावर सरकारने आणीबाणी पुकारली. पुढे ८० हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. हत्या कमालीच्या घटल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अनेक निरपराधही गजाआड गेले, याकडे डोळेझाक करता येत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये येशूसंघीय फादर ग्रेगरी बॉईल यांनी १९८८ पासून वेगळी वाट चोखाळली. टोळीतील तरुणांना त्यांनी काम मिळवून दिले. १९९२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या बेकरीत वैरी टोळ्यांतील तरुण शेजारी उभे राहून पाव भाजू लागले.

टोळीचा गुन्हा आम्ही सौम्य लेखीत नाही. तथापि, घर हरवलेले मूल कोणाच्या तरी दारी जातेच. ते दार ख्रिस्तसभेचे असावे, ही जबाबदारी आपली आहे.