हिवाळी पहाट आणि सौर पॅनेलची काच : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका नव्या श्रमाचा विचार

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याचा विस्तार १७,०४८ चौ. कि. मी. असून अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा भाग सोडल्यास बहुतेक प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. येथील रब्बीचा गहू, हरभरा व कांदा विहिरीच्या आणि कालव्याच्या पाण्यावर उभा असतो. कृषिपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळत आली आहे. रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, गुडघ्याएवढ्या ओल्यात उभे राहून दारे धरावी लागतात. संगमनेर-अकोल्याकडे त्यात बिबट्याच्या भीतीची भर पडते. शेतीला दिवसा वीज द्यावी या हेतूने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि तिच्या आरंभीच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीबरोबर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची निवड करण्यात आली. २०२३ पासून या योजनेचा दुसरा टप्पा राबविण्यात येत आहे.

शेतकऱ्याची रात्रीच्या थंडीतून सुटका व्हावी, हा या योजनेचा सर्वांत मानवी हेतू आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु सौर पॅनेल ही शेवटी उघड्या माळावर मांडलेली काच आहे व ती कोणीतरी पुसावी लागते. हे पुसण्याचे काम बहुधा पहाटे, म्हणजे दिवसातील सर्वांत थंड वेळी करण्याची रीत आहे. शेतकऱ्याच्या वाट्याची थंडी अंशतः दुसऱ्या हातांकडे गेली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. प्रस्तुत लेखात या कामातील थंडीचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पहाटेचीच वेळ का?

प्रथम कामाचा आवाका पाहू. दोन मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पात ३३० वॅटचे पॅनेल वापरले आहेत असे धरल्यास त्यांची संख्या सुमारे सहा हजार भरते. प्रत्येक पॅनेलचे क्षेत्र जवळपास दोन चौ. मीटर असल्याने एकूण काच तीन एकरांच्या घरात जाते. तीन एकर काच पुसणे म्हणजे काय, याची कल्पना घरातील चार खिडक्या दिवाळीत पुसताना येणाऱ्या थकव्यावरून करावी.

ऑक्टोबरअखेर पाऊस थांबला की पुढे सहा-सात महिने काच धुण्याचे काम निसर्ग करीत नाही. नांगरट, कच्चे रस्ते, ऊसवाहतूक यांची धूळ काचेवर बसत राहते. निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता टाकून सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तिच्यावर दव पडते, दवात धूळ कालवली जाते आणि सूर्य वर आला की त्याचा घट्ट लेप होतो. असा लेप कोरड्या कुंच्याने निघत नाही. तो निघतो ओला असतानाच, म्हणजे दव वाळण्यापूर्वी. पहाटेच्या वेळेचे हे पहिले कारण.

दुसरे कारण काचेच्या सुरक्षिततेचे आहे. उन्हाळ्यात दुपारी पॅनेलचे तापमान ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अशा काचेवर एकाएकी गार पाणी पडल्यास तिला तडा जाण्याचा धोका असतो. शिवाय पाणी क्षणात वाळून त्यातील क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातील कूपनलिकांचे पाणी जात्याच जड असल्याने ही अडचण अधिक जाणवते. तेव्हा सकाळी ऊन तापण्यापूर्वी अथवा सायंकाळी ऊन उतरल्यावर काच पुसावी, हा नियम योग्यच आहे. मात्र हा नियम काचेच्या सोयीने ठरला आहे. पुसणाऱ्याच्या हाताचा विचार त्यात कोठेही नाही.

ओल्या हाताची थंडी

थंडीचे आपले मोजमाप हवेचे असते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली यावे लागते आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असावे लागते, तेव्हा थंडीची लाट मानली जाते. पारा प्रत्यक्ष ४ अंशांवर आल्यास सरासरीचा विचार न करताही ती मानतात. नगरच्या पठारावर हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जाणे नवलाचे नाही. त्यातील पुष्कळ पहाटा 'लाट' या व्याख्येत बसत नाहीत आणि म्हणून त्यांची दखलही घेतली जात नाही.

परंतु ओल्या हाताला हा निकष लागू पडत नाही. पाणी हवेच्या तुलनेत उष्णता सुमारे पंचवीसपट सुलभतेने वाहून नेते. त्यातच बाष्पीभवनाची भर पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढी उष्णता काढून घेतल्यास ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होईल. माळावर वारा असला की ही क्रिया वेगाने चालते. म्हणून नऊ अंशांच्या पहाटे कोरड्या हाताने शेकोटीजवळ बसलेला माणूस आणि ओला पोछा पिळणारा माणूस, हे एकाच हवामानात आहेत असे केवळ तापमापकाच्या आधारे म्हणता येते.

शरीर अशा वेळी गाभ्याची ऊब राखण्यासाठी बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्वचेचे तापमान साधारणतः १५ अंशांखाली गेले की बोटांची चपळता घटते. त्याहून खाली स्पर्शज्ञान मंदावते. हात पुष्कळ वेळ थंड राहिल्यास रक्तवाहिन्या मधूनमधून सैल होऊन बोटांत ऊब परत येते. हा आविष्कार इंग्लंडमधील थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये नोंदविला. 'हात सरावतो' असे जे म्हटले जाते त्यात थोडे तथ्य आहे ते एवढेच. बधिर बोटांची पकड सुटते, काचेच्या चौकटीची धार लागली तरी कळत नाही. बोटे लाल होऊन सुजणे, खाजणे, तळव्यांना भेगा पडणे हे दररोजच्या ओल्या थंडीचे परिणाम होत. ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, अशांना (मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिलेला हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो) हे काम देऊच नये.

लांब दांडीच्या ब्रशाने हाताला पाणी लागत नाही, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वरच्या रांगेसाठी दांडी उचलली की पाणी दांडीवरून ओघळत मनगटाशी येते आणि बाहीत शिरते. स्वेटरची बाही एकदा भिजली की काम संपेपर्यंत वाळत नाही. सुती हातमोजे तर भिजल्यावर उघड्या हातापेक्षा वाईट. बर्फाळ देशांतील खिडक्या पुसणारे पाणी गोठू नये म्हणून बादलीत स्पिरिट मिसळतात. तेथे पाणीच सावध करते. आपल्याकडे ते गोठत नाही, आणि म्हणून ही थंडी धोक्याची वाटत नाही.

वेळ व पाणी यांचा फेरविचार

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १३ तापमानाविषयी बोलत होते, परंतु ते कामाच्या खोलीतील तापमानाविषयी. माळावरील पॅनेलच्या रांगांना भिंती नाहीत. त्या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. उघड्यावरील ओल्या कामाचा विचार तिच्या नियमांत व्हावयास हवा. तोपर्यंत प्रकल्प चालविणाऱ्यांना स्वतःहून पुष्कळ करता येण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही; भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. तेच पाणी आदल्या सायंकाळी प्लास्टिकच्या टाकीत भरून रात्रभर उघड्यावर ठेवले की पहाटे बर्फासारखे होते. ज्या प्रकल्पात पाण्याचा जडपणा काढणारी यंत्रणा आहे तेथे कामाच्या वेळीच पाणी उपसून शुद्ध करावे. आतून अस्तर असलेले, कोपरापर्यंतचे रबरी मोजे आणि बदलण्यासाठी एक कोरडा जोड द्यावा. जवळ शेकोटी अथवा गरम पाण्याची सोय असावी. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती अधिक महत्त्वाची वाटते. उन्हाळ्याचे वेळापत्रक हिवाळ्यात जसेच्या तसे चालविण्याचे कारण दिसत नाही. जानेवारीत नगरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो व सहानंतर मावळतो. साडेचारनंतर ऊन तिरपे होते, काच निवते, वीजनिर्मिती उतरणीला लागलेली असते. हवा मात्र पहाटेपेक्षा बरीच उबदार आणि टाकीतील पाणी दिवसभर तापलेले असते. दवाने भिजलेल्या धुळीचा फायदा येथे मिळत नाही, हे मान्य करावे लागेल. पाणी अधिक लागेल व लेप भिजण्यास वेळ द्यावा लागेल. अंधार पडण्यापूर्वी काम संपवायचे तर दररोज कमी रांगा होतील, म्हणजे फेरी लांबेल किंवा माणसे वाढवावी लागतील. टँकरने पाणी आणणाऱ्या गावात या वाढीव पाण्याचा प्रश्न खराच आहे. तेथे निदान एवढे करता येईल : पहाटे दवावर केवळ रबरी पट्टी ओढून कोरडी सफाई करावी, आणि बादलीचे, पोछ्याचे व नळीचे काम डिसेंबर-जानेवारीपुरते सायंकाळवर ढकलावे.