कोण कोणाच्या बाजूला? : कुवेत युद्ध आणि आखातातल्या युत्या



गेल्या गणपतीत आरती झाल्यावर आपल्यातल्याच एका कॉलेजकन्येने मला विचारले, "काका, इराणशी लढायला सद्दामला पैसा याच देशांनी दिला होता ना? मग तो यांच्यावरच का उलटला?" प्रसादाची रांग पुढे सरकली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आज पूर्ण करतो.

सुरुवात १९७९ च्या इराणी क्रांतीपासून करावी लागते. ही क्रांती आपल्याकडे पसरेल ही आखाती राजांची धास्ती. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर हल्ला केला आणि २५ मे १९८१ रोजी इथेच, अबुधाबीत, सहा देशांनी आखाती सहकार्य परिषद (जीसीसी) स्थापन केली. कागदावर व्यापार आणि सहकार्य, पण पोटात भीती! सौदी आणि कुवेतने इराकला अब्जावधी डॉलर पुरवले, अबुधाबीनेही हात सैल सोडला. दुबईच्या खाडीतून मात्र इराणला माल जातच राहिला. म्हणजे एकाच संघराज्यात दोन तऱ्हा. तिकडे सीरिया अरब असूनही इराणच्या बाजूला, कारण दमास्कस आणि बगदादच्या बाथ पक्षांचे जुने भाऊबंदकीचे वैर.

१९८८ मध्ये ते युद्ध थांबले तेव्हा इराककडे दोन गोष्टी उरल्या: प्रचंड फौज आणि प्रचंड कर्ज. फेब्रुवारी १९८९ मध्ये इराक, इजिप्त, जॉर्डन आणि उत्तर येमेन यांनी आपली वेगळी अरब सहकार परिषद काढली. ही चार नावे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कुवेत कर्ज सोडायला तयार होईना, आणि तेलाचे भाव पडलेले. १७ जुलै १९९० च्या भाषणात सद्दामने जादा तेल काढून भाव पाडणाऱ्यांना धमकी दिली. त्याचा रोख कुवेतवर तसाच अमिरातीवरही होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. अमिरातीने लगेच अमेरिकेकडून हवेत इंधन भरणारी दोन विमाने मागवली आणि छोटासा संयुक्त सराव केला. शेजाऱ्यांना तेव्हा हा उतावीळपणा वाटला. २ ऑगस्टला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले.

आता पट उलटला. जीसीसीची स्वतःची संयुक्त फौज होती खरी, पण काही हजारांची. ती काय पुरणार? १० ऑगस्टला कैरोच्या अरब शिखर परिषदेत १२ देशांनी सौदीच्या रक्षणासाठी सैन्य पाठवण्याच्या बाजूने मत दिले. मघाच्या चौघांपैकी इजिप्त थेट इराकविरुद्ध गेला, आणि त्याचे सुमारे ७ अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज अमेरिकेने माफ केले. सीरियाने अमेरिकेच्या शेजारी तंबू ठोकले, त्या बदल्यात लेबनॉनमध्ये त्याला मोकळे रान मिळाले. जॉर्डन कुंपणावर बसला. येमेनने सुरक्षा समितीत युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिले. सोव्हिएत संघाने, इराकच्या जुन्या मित्राने, त्याच ठरावाला होकार दिला. आणि सद्दामने? आठ वर्षे लढून मिळवलेली जमीन त्याने इराणला परत देऊन टाकली, पाठीमागची सीमा शांत राहावी म्हणून! पानिपतच्या आधी शुजाउद्दौला कोणाकडे जाणार म्हणून दोन्ही छावण्या डोळे लावून बसल्या होत्या, तोच प्रकार.

आपल्यासारख्या परदेशी राबणाऱ्यांनी खरे बघावे ते पुढचे. बाजू ठरवली सरकारांनी, किंमत मोजली पासपोर्टने. सौदीतून लाखो येमेनी कामगारांना घरी जावे लागले. यासर अराफत सद्दामकडे झुकले म्हणून कुवेतमध्ये पिढ्या काढलेल्या पॅलेस्टिनींचे बस्तान उठले. आपले काय? परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले, त्या गळाभेटीवर बरीच टीका झाली. पण अम्मानहून एअर इंडियाने दोन महिन्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीय मायदेशी आणले, ते इराकने वाट दिली म्हणूनच. मग जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिले, आणि काँग्रेसने आवाज उठवल्यावर ते बंदही केले. मला विचाराल तर ही धरसोड होती, पण आपली माणसे सुटून आल्यावर झालेली.

२८ फेब्रुवारी १९९१ ला लढाई थांबली. मार्चमध्ये इजिप्त, सीरिया आणि जीसीसीने दमास्कस जाहीरनामा काढला: आखाताचे रक्षण अरब सैन्याने करायचे. काही महिन्यांतच ते सैन्य घरी परतले. कुवेतने त्याच वर्षी अमेरिकेशी करार केला, अमिरातीने १९९४ मध्ये अमेरिकेशी आणि १९९५ मध्ये फ्रान्सशी. जीसीसी मात्र टिकली. २०१७ मध्ये तिच्यातल्याच तिघांनी इजिप्तला सोबत घेऊन कतारची नाकेबंदी केली. ती उठायला जानेवारी २०२१ उजाडले, आणि तोवर दुबईहून दोहाला जाणारे आपले लोक मस्कत नाहीतर कुवेतमार्गे वळसा घालत होते.