तरतूद किती, आणि ती कशाला बांधलेली?

केंद्र सरकार दारिद्र्यरेषेखालील 60 ते 79 वयाच्या वृद्धांना निवृत्तिवेतनापोटी दरमहा 200 रुपये देते. 2007 पासून हा आकडा बदललेला नाही. या काळात डाळ, औषधे, एस.टी.चे भाडे, सगळेच महागले, पण वृद्धांच्या वाट्याला येणारी रक्कम जागच्या जागी राहिली. ती कमी करण्याचा निर्णय कोणत्याही सरकारने घेतला नाही. घ्यायची गरजच पडली नाही, कारण महागाईने ते काम परस्पर केले. याच काळात सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा किंमत निर्देशांकानुसार सुधारला जात होता, आणि खासदारांचे वेतनही 2018 पासून महागाईशी जोडले गेले. कर्मचाऱ्यांना भत्ता मिळतो यात काही गैर नाही. पण एकाच तिजोरीतून निघणारा एक पैसा भाववाढीबरोबर वाढतो आणि दुसरा वाढत नाही, हा फरक आपोआप पडलेला नाही. गरिबांच्या घराचे, औषधाचे आणि आधाराचे काय होणार हे अर्थसंकल्पातील आकडा किती मोठा आहे यावर जेवढे ठरते, त्याहून अधिक तो आकडा कशाला बांधलेला आहे यावर ठरते. त्यामागे कायदा आहे का, उत्पन्नाचा ठरलेला स्रोत आहे का, आणि महागाईबरोबर तो हलतो का, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे आहेत.

हे समजण्यासाठी अर्थसंकल्पाचा प्रवास पाहायला हवा. मार्चमध्ये विधिमंडळात जाहीर होते ती केवळ तरतूद. वर्षभरात वित्त विभाग त्यातला किती निधी प्रत्यक्ष वितरित करतो, हा पुढचा टप्पा. मग पुरवणी मागण्या येतात, सुधारित अंदाज मांडला जातो, आणि प्रत्यक्ष किती खर्च झाला हे फार उशिरा, बातमीचा विषय संपल्यावर कळते. महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख 20 कोटी रुपयांचा होता आणि त्यात 45 हजार कोटींहून अधिक महसुली तूट गृहीत धरलेली होती. अशी तूट असताना हात आखडता घ्यायची वेळ आली की पगार, कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांना कोणी हात लावू शकत नाही, कारण ते बांधील खर्च आहेत. मग कात्री लागते ती ज्याला कोणतेच बंधन नाही अशा खर्चाला. रुग्णालयाची औषधखरेदी लांबते, वसतिगृहाची दुरुस्ती पुढे ढकलली जाते, घरकुलाचा हप्ता रखडतो. या कपातीची घोषणा होत नाही, म्हणून तिच्यावर चर्चाही होत नाही.

बांधलेल्या खर्चाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता, असा हा हक्क होता. त्यासाठी पैसा कुठून येणार हेही ठरवलेले होते. 1975 पासून शहरातील पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला. तो, इतर काही करांवरील अधिभार आणि राज्याचा तेवढाच वाटा असा स्वतंत्र निधी उभा राहिला. मुंबईतल्या पगारातून कापलेले पैसे बीड-सोलापूरच्या मातीकामावरील हजेरीपटापर्यंत पोहोचतील अशी ही रचना होती. पाऊस हुकला की मागणी वाढणार, आणि मागणी वाढली की खर्च वाढणार, हे कायद्यानेच मान्य केले होते. पुढे 2005 चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

याच योजनेने कायद्याची मर्यादाही दाखवून दिली. 1988 मध्ये हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, आणि त्यानंतर पुरवला गेलेला रोजगार घटला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करून दाखवले की मागेल त्याला काम मिळण्याऐवजी कामाचे वाटप हात राखून होऊ लागले होते. मजुरी वाढली, पण तेवढ्या वाढीव खर्चाची तयारी नव्हती, म्हणून हमी कागदावर पूर्ण राहिली आणि बांधावर अपुरी पडली. योगायोग असा की त्याच 1988 साली साठाव्या घटनादुरुस्तीने व्यवसायकराची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये झाली. ती आजही तेवढीच आहे. तेव्हाच्या आणि आताच्या पगारांत कितीतरी पटींचे अंतर पडले, पण गरिबांच्या हक्काला जोडलेला कर गोठलेलाच राहिला. म्हणजे हक्क आणि पैसा दोन्ही बांधले, तरी पैशाला वाढीची वाट ठेवली नाही तर हक्क आतून पोकळ होतो.

घरांच्या बाबतीत हेच दोन निराळ्या रूपांत दिसते. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेचे सपाट प्रदेशातील अनुदान 2016 मध्ये 1 लाख 20 हजार रुपये ठरले, आणि सिमेंट, सळई, वाळू, गवंड्याची मजुरी वाढत गेली तरी केंद्राने ते बदलले नाही. राज्याने 2025 मध्ये स्वतःचे 50 हजार रुपये वाढवून दिले, ते योग्यच झाले, पण मधल्या काळातील लाभार्थ्यांनी फरक कर्ज काढून भरला किंवा घर अर्ध्यावर सोडले. शहरात तर सरकारने पैसा न घालण्याचाच निर्णय घेतला. 1995 मध्ये मुंबईतील 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले गेले, आणि त्यासाठी अर्थसंकल्पाऐवजी वाढीव चटईक्षेत्राचा मार्ग निवडला गेला. विकासकाने रहिवाशांना घरे द्यायची आणि उरलेले बांधकाम विकून खर्च वसूल करायचा. तिजोरीवर भार नाही, हा या धोरणाचा आवडता युक्तिवाद. पण पैसा बाजारातून आणला की प्राधान्यही बाजारच ठरवतो. जिथे जमिनीला भाव, तिथे पुनर्वसनाला वेग. जिथे विक्री अवघड, तिथे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिर. कमी जमिनीत जास्त लोक बसवण्यासाठी इमारतींमधले अंतर घटवण्याची सूट मिळाली. गोवंडी-मानखुर्द भागातील अशा पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात अपुरा उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. घरावर वाचवलेला पैसा असा क्षयरोगाच्या उपचारांवर खर्च होतो, फक्त लेखाशीर्ष बदलते.

आरोग्यातही प्रश्न केवळ रकमेचा नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये सार्वजनिक आरोग्यखर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. 2021-22 मध्ये, महासाथीच्या काळातही, तो 1.84 टक्के होता. रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 39.4 टक्क्यांपर्यंत खाली आला, ही खरी प्रगती आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रिया असंख्य कुटुंबांच्या आवाक्यात आणल्या, हेही मान्य करायला हवे. परंतु अशी विमा योजना उपचाराचे बिल भरते, ती डॉक्टर नेमत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. औषधटंचाई हे कारण नसल्याचे प्रशासनाने सांगितले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा मात्र चर्चा रिक्त पदे, खरेदीतील दिरंगाई आणि आरोग्यासाठीचा निधी या गोष्टींवर आली. मधुमेहाची गोळी, बाळंतपण, विंचूदंश यांसाठी लोक प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातच जातात, आणि तिथला खर्च सर्वांत सहज पुढे ढकलता येतो.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे यंत्रणेचे गुंते सोडून पैसे थेट लोकांच्या हाती द्यावेत. लाडकी बहीण योजनेचे समर्थन याच आधारावर होते आणि त्यात तथ्य आहे. स्वतःच्या खात्यात दरमहा येणारे 1,500 रुपये अनेक स्त्रियांना पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने खर्च करता आले. त्याला खैरात म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पण ही योजनाही शासन निर्णयावर उभी आहे, हक्काच्या कायद्यावर नाही. निकष आणि पडताळणी बदलली की लाभ थांबतो. शिवाय 2025-26 मधली तिची 36 हजार कोटींची तरतूद तिच्यासाठी नवा स्रोत उभा न करता केलेली होती. परिणामी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी तिकडे वळवल्याबद्दल 2025 मध्ये सत्ताधारी मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. एका गरिबाचा हक्क दुसऱ्या गरिबाच्या निधीतून भागवण्याची वेळ आली. आणि दीड हजार रुपयांत स्त्रीला तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ विकत घेता येत नाही. रोख रक्कम सार्वजनिक सेवेला पूरक ठरते, तिची जागा घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळाच खर्च कायद्याने बांधला तर संकटात सरकारचे हात मोकळे राहणार कसे? पण आजही हात मोकळे नाहीत. पगार, व्याज आणि कंत्राटदारांची देणी यांनी ते बांधलेलेच आहेत; लवचिकता उरली आहे ती फक्त दुर्बळांच्या वाट्यात. शिवाय कायदा हा रामबाण नाही. अनुसूचित जाती-जमातींचा निधी अन्यत्र वळवू नये म्हणून कर्नाटकाने 2013 मध्ये कायदा केला, तरी पुढे तिथल्या सरकारच्या ‘गॅरंटी’ नावाच्या कल्याणकारी योजनांसाठी तोच निधी वापरल्याचा वाद तिथेही झाला. तथापि कायद्यामुळे तो वाद विधिमंडळात आणि जाहीरपणे झाला, सरकारला खुलासा द्यावा लागला. बंधनाचे मोल यातच आहे: कपात अशक्य होत नाही, पण गुपचूप करता येत नाही.

म्हणून नव्या योजनेची घोषणा झाली की नागरिकांनी, पत्रकारांनी आणि आमदारांनी रकमेच्या पुढे जायला हवे. वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि घरकुलाचे अनुदान निर्देशांकाशी जोडा. रुग्णालयांची औषधे आणि मंजूर पदे यांना बांधील खर्चाचा दर्जा द्या. व्यवसायकराची गोठलेली मर्यादा उठवा आणि त्याचा पैसा रोजगारावरच खर्च होतो याचा हिशेब दरवर्षी मांडा. शहरातील गरिबांच्या घरांसाठी अर्थसंकल्पातून थेट पैसा घाला. यासाठी कर अधिक द्यावा लागेल, हे मध्यमवर्गाला सांगण्याचे धैर्य 1975 मध्ये या राज्याने दाखवले होते. त्या वेळचे राज्य आजच्याइतके श्रीमंत नव्हते. आजच्या महाराष्ट्राला ते परवडत नाही, हे म्हणणे आकड्यांवर टिकत नाही.