गेट कुणाच्या तरी घराला लागणार असतं

पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला आत वळलं की पाबळ लागतं. इतिहासात रस असणारे इथे मस्तानीची समाधी बघायला येतात. शिक्षणात रस असणाऱ्यांनी याच गावातला विज्ञान आश्रम बघावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, आधी म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत आणि मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले हे शास्त्रज्ञ. नोकरीतून बाहेर पडल्यावर त्यांनी शिरूर तालुक्यातलं हे कमी पावसाचं गाव निवडलं आणि शाळा सुटलेली मुलं विद्यार्थी म्हणून घेतली.

मुलांनी आपणहून शिकावं, त्यांच्या कल्पनेला वाव मिळावा, शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगाशी जोडलं जावं, हे हल्ली सगळेच म्हणतात. ते घडवायचं कसं, हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं प्रकल्पवही. ती मुलाच्या घरचे रात्री बसून पूर्ण करतात, शिक्षक सही करतात आणि वर्ष संपलं की ती रद्दीत जाते. पाबळचं उत्तर मला कितीतरी खरं वाटतं: ज्याची गावात कुणीतरी वाट बघतंय, असं काम मुलांच्या हाती द्यायचं.

समजा, कुणाला घरासाठी लोखंडी गेट हवं आहे. मापं घ्यायला मुलंच टेप घेऊन जातात. दोन खांबांमधलं अंतर खाली एक भरतं आणि वर दुसरं, कारण खांब ओळंब्यात नसतात. आता कुठलं माप धरायचं? इथेच पहिला वाद सुरू होतो आणि तो मुलांनी आपापसात घालायचा असतो. मग कागदावर चित्र, प्रमाणात. मग हिशेब: अँगल किती फूट, गज किती, वेल्डिंगच्या कांड्या, रंग, वीज, मजुरी. कापताना वाया जाणारा तुकडाही त्यात धरावा लागतो, हे एकदा तोटा झाला की कायमचं कळतं. मालक घासाघीस करतो, तेव्हा आपला भाव का बरोबर आहे हे मुलांना नीट मराठीत सांगता यावं लागतं.

चौकट जोडताना तर खरी गंमत. चारही बाजू मापात असल्या तरी चौकट तिरकी होऊ शकते. कसलेला कारागीर नुसत्या गुण्यावर भिस्त ठेवत नाही, तो दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे आले तरच कोपरे काटकोनात. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत असतो, हे प्रमेय शाळेत फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जातं. इथे ते वेल्डिंगचे पक्के टाके मारायच्या आधी वापरावं लागतं, कारण नंतर चौकट हलत नाही. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा त्रिकोण दोरीने मांडतो, तेही त्याच जातीचं ज्ञान. आणि इथे चूक दाखवायला तांबडी शाई लागत नाही, गेटच खांबाला घासतं. मास्तरांनी ओरडण्याची वाट न बघता मूल स्वतःच कानस शोधायला निघतं. स्वयंशिक्षण म्हणतात ते मला इथे दिसतं.

आश्रमाच्या एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला चारही करावे लागतात. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाकघरात चिक्की करतात. गृह-आरोग्य विभागात मुलं रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. आकडा कमी आला की प्रश्न उभे राहतात: ताटात काय असतं? पालेभाजी आठवड्यातून किती वेळा? जेवणावर लगेच चहा घेतल्याने काय होतं? जंतांचा याच्याशी काय संबंध? रसायनशास्त्र, शेती, घरातल्या बायका सर्वांत शेवटी जेवतात ती रीत, सगळं रक्ताच्या एका थेंबापाशी येऊन मिळतं. विषयांचे तुकडे वेळापत्रकाने केलेले असतात. खऱ्या कामात ते तसे मिळत नाहीत.

कामातून शिकण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम ही शिक्षणपद्धती मांडली, तीही हाताच्या कामातूनच. कलबागांनी त्याला आधुनिक विज्ञान आणि यंत्रांची जोड दिली. गावाला सुतारकाम हवं तसंच भूजल शोधायचं यंत्रही हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. पाबळची मुलं जमिनीचा विद्युत-रोध मोजून पाण्याचा अंदाज घ्यायला शिकली ती यातूनच. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅबलॅब या डिजिटल कार्यशाळांच्या जाळ्यात आश्रम सामील झाला, तोही अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक म्हणून. त्याच एमआयटीत सीमोर पॅपर्ट सांगत होते की दुसऱ्याला दाखवता येईल, वापरता येईल अशी वस्तू घडवताना मूल सर्वांत चांगलं शिकतं. कुठलं एमआयटीचं केंब्रिज आणि कुठलं पाबळ, पण अनुभव एकच.

मग शिक्षकाने काय करायचं? माझ्या मते त्याचं काम वाढतं आणि अवघड होतं. काम निवडताना ते मुलांच्या आवाक्याच्या किंचित पुढचं असावं लागतं. धोक्याच्या जागी, म्हणजे वीज, कटर, गरम पाक, तिथे त्याला कडक राहावं लागतं. बाकी ठिकाणी हात मागे बांधून उभं राहायचं, आणि हे सगळ्यांत जड जातं. मुलाचं माप चुकतंय हे दिसत असताना ‘कशावरून?’ एवढंच विचारायला संयम लागतो. आणि काम संपल्यावर लिहून घ्यायलाच हवं: काय केलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलणार. लिहिल्याशिवाय हात शिकतो, डोकं अर्धवटच.

सगळं काही कामातून शिकता येतं असं मी म्हणणार नाही. बीजगणिताची अमूर्त बाजू, कविता, दूरच्या देशाचा इतिहास यांना पुस्तक आणि चांगला सांगणारा शिक्षक लागतोच. पण ‘हे मागे पडलेल्या मुलांसाठी ठीक आहे’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. हुशार मानलेल्या मुलांनाच याची जास्त गरज आहे. नव्वद टक्के मिळवूनही घरातला फ्यूज बदलायला घाबरणारी मुलं आपण घडवली आहेत.

शाळांना हे जमतं का? आश्रमाचा आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) हा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांमध्ये आठवडाभराच्या वेळेतला पाचवा हिस्सा, म्हणजे एक पूर्ण दिवस मागतो. ती मागणी रास्त आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात हत्यारं काढून परत ठेवण्यापलीकडे काही होत नाही. शिकवायला गावातलाच कारागीर चालतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली घालवायची तरतूद आहे. हे दिवस सहली आणि चित्रकलेच्या स्पर्धांवर उधळण्यापेक्षा शाळेने ते एकाच कामाला द्यावेत. पहिलं गिऱ्हाईक शाळा स्वतःच होऊ शकते: गळणारी टाकी, हात धुवायच्या जागेचं वाया जाणारं पाणी, कुंपणाची मोडकी बाजू. खर्चाचा अंदाज मुलांनी काढावा, शाळा व्यवस्थापन समितीपुढे तो मुलांनीच मांडावा आणि समितीने मोठ्या माणसांना विचारावेत तितकेच कठीण प्रश्न त्यांना विचारावेत.