कोरड्या उन्हाची कमाई

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागला की नागपुरात प्रताप नगरच्या गल्ल्यांत दुपारी माणूस दिसत नाही, दिसतात ते कूलर. खिडकीला टेकवलेली पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या, आत पंखा, तळाशी पाण्याची टाकी. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, तेव्हाही हीच पेटी घरघरत होती.

तिच्या आत काय चालतं ते नीट पाहिलं तर थक्क व्हायला होतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी हवेतूनच ओढून घेतं. एक लिटर पाणी उडताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता गिळतं. दीड टनाच्या एसीला तेवढी उष्णता उपसायला साडेसात मिनिटं लागतात. म्हणजे तासाला आठ लिटर पाणी पिणारा कूलर हवेतून त्या एसीइतकीच उष्णता काढून घेतो, आणि वीज खातो ती फक्त पंख्याची आणि छोट्या मोटरीची! ही सगळी करामत हवेच्या कोरडेपणावर चालते. बाहेर 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताटीतून गेलेली हवा तत्त्वतः 24 अंशांपर्यंत उतरू शकते. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्याच्यातच त्याचा उतारा आहे.

मग याच युक्तीवर अख्खं संशोधन केंद्र थंड ठेवता येईल का? येतं. अहमदाबादजवळ भाट गावी टोरेंट या औषध कंपनीचं संशोधन केंद्र आहे. ‘अभिक्रम’ या फर्मचे वास्तुरचनाकार निमिष पटेल आणि पारुल झवेरी यांनी ते 1990च्या दशकात रचलं, थंडाव्याच्या गणितात ब्रिटनच्या ब्रायन फोर्ड यांची साथ होती. इमारतीच्या मधोमध उंच मनोरे आहेत. त्यांच्या माथ्यावरून कोरडी, तापलेली हवा आत येते आणि तिथेच बारीक तोट्यांमधून पाण्याचं धुकं फवारलं जातं. थेंब इतके सूक्ष्म, की खाली पोचायच्या आत ते उडून जातात. कुणी भिजत नाही, फक्त हवा गार होते. आता 28 अंशांची हवा 45 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास पाच टक्के जड असते. तेव्हा ती आपल्याच वजनाने खाली घसरते आणि मजल्यामजल्यावरच्या झडपांतून खोल्यांत शिरते. तिला ढकलायला पंखा लागत नाही.

कूलर लावल्यावर समोरची खिडकी किलकिली ठेवा, असं नागपुरात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीचं स्नानगृह होतं. टोरेंटमध्ये हीच वाट इमारतीच्या कडेने उभ्या केलेल्या दुसऱ्या मनोऱ्यांनी करून दिली आहे. वापरलेली हवा त्यांतून वर निघून जाते. बाहेर 43-44 अंश असताना आत 29-30 अंशांची नोंद झालेली आहे. काही प्रयोगशाळांना मात्र एसी लागलाच. तापमान काटेकोर राखायचं असेल तिथे मनोऱ्याचा भरवसा धरता येत नाही.

हे साधतं, कारण ऊन आधी दारातच अडवलेलं असतं: भिंतींत आणि छतात व्हर्मिक्युलाइट या खनिजाचा उष्णतारोधक थर, बेताच्या खिडक्या, त्यांवर सावली. विदर्भात नखशिखान्त काचेची कार्यालयं बांधायची आणि मग आत एसी ओरडत ठेवायचे, हा हट्ट मला तरी कळत नाही.

अडचणी दोन. जुलैत 30 अंशांना 85 टक्के आर्द्रता असते, तेव्हा हवा जेमतेम दोन अंश उतरते. नागपूरकर ताट्यांचं पाणी बंद करतो आणि नुसता पंखा फिरवतो. टोरेंटमध्येही पावसाळ्यात फवारा थांबतो आणि छताचे पंखे चालतात.

दुसरी अडचण पाण्याचीच. भर उन्हाळ्यात ते उडवायचं, आणि श्वासात जाणारं म्हणून स्वच्छच हवं. तिथे शुद्ध केलेलं सांडपाणीही चालणार नाही. पण बागेला आणि फ्लशला चालेल, आणि तेवढं चांगलं पाणी मनोऱ्यासाठी वाचेल. त्याची सोय प्रताप नगरपासून फार लांब नाही. वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे. गाळ खाली बसवलेलं मैलापाणी खडीच्या थरातून, कर्दळीसारख्या झाडांच्या मुळांमधून संथ वाहू द्यायचं. मुळांभोवतीचे जीवाणू घाण खाऊन टाकतात. पाणी खडीच्या वर येतच नाही, त्यामुळे डास नाहीत आणि दुर्गंधीही नाही. या विचाराचं मूळ जर्मनीत आहे. केटे झायडेल या संशोधक बाईंनी 1950च्या दशकात तिथे पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले होते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात फायटोरिडचा असा ताटवा उभारलेला आहे. वरून पाहणाऱ्याला तिथे फक्त झाडंच दिसतात.