वीस माणसे, आठ परवाने

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात शब्दकोशाच्या किती प्रती आहेत? वर्गात मुले पन्नास असली, तरी कोशाच्या पन्नास प्रती कोणी घेत नाही. कोश सर्वांनाच लागतो, पण एकाच क्षणी लागत नाही. म्हणून चार-पाच प्रतींवर भागते. कचेऱ्या आणि कारखाने हीच युक्ती संगणकाच्या सॉफ्टवेअरसाठी वापरतात.

समजा, गडहिंग्लजमधील एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाटने करणारी वीस माणसे आहेत. रेखाटनाचे सॉफ्टवेअर महाग असते. ते विकत घेणे म्हणजे खरे पाहता ते वापरण्याचा परवाना घेणे. मग एकच परवाना घेऊन त्याच्या वीस नकला का करू नयेत? कारण ती चोरी ठरते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि पुस्तकांप्रमाणे संगणकाच्या आज्ञावलींनाही संरक्षण मिळाले.

यावर उपाय म्हणजे सामाईक परवाने. कारखान्याच्या जाळ्यातील एक संगणक ग्रंथपालाचे काम करतो. त्याला 'लायसन्स सर्व्हर' म्हणतात. तुम्ही सॉफ्टवेअर उघडले, की तुमचा संगणक त्याच्याकडे परवाना मागतो. शिल्लक असला तर तो मिळतो आणि तशी नोंद होते. सॉफ्टवेअर बंद केले, की परवाना परत जमा होतो. सर्व परवाने बाहेर असतील, तर मात्र थांबावे लागते.

मग परवाने किती घ्यावेत? प्रत्येक जण पाच तासांपैकी सरासरी एक तास सॉफ्टवेअर वापरतो असे धरू. म्हणजे एका वेळी सरासरी २० ÷ ५ = ४ माणसे ते वापरतात. तुम्ही म्हणाल, चार परवाने पुरे! पण सरासरी फसवी असते. संभाव्यतेच्या गणिताने पाहिले, तर चारांहून अधिक जणांना एकाच वेळी गरज पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के येते. सहा परवाने घेतले तर ती सुमारे ९ टक्क्यांवर उतरते आणि आठ घेतले तर अवघी १ टक्का उरते. वीसांऐवजी आठांत काम झाले!

असे गणित प्रथम टेलिफोनसाठी मांडले गेले. पूर्वी तालुक्याच्या गावातून मुंबईला फोन करायचा, तर 'ट्रंक कॉल' नोंदवून ताटकळावे लागे; कारण बोलणारे पुष्कळ आणि तारा थोड्या. किती माणसांना किती तारा पुरतील, याचा विचार कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी केला. त्यांचा पहिला निबंध १९०९ साली प्रसिद्ध झाला. टेलिफोनवरील भार मोजण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

मात्र या गणितात एक अट दडलेली आहे: प्रत्येकाची गरज स्वतंत्र हवी. सकाळी दहाला सर्वांनीच काम सुरू केले, किंवा सॉफ्टवेअर उघडे ठेवून कोणी जेवायला गेला, तर आठ परवानेही अपुरे पडतात. म्हणून काही ठिकाणी ठराविक वेळ काम न झाल्यास सर्व्हर परवाना आपोआप काढून घेतो.

आता एक प्रयोग करा. आठवडाभर दर तासाला ग्रंथालयातील किती कोश बाहेर आहेत याची नोंद ठेवा. सरासरी काढा आणि सर्वांत मोठा आकडाही पाहा. शाळेला आणखी प्रती हव्यात, की घेतलेली प्रत वेळेवर परत करणारे वाचक हवेत, हे तुमचा तक्ताच सांगेल.