दहा लिटरचं हवामान

"मावशी, मेला का गं तो?"

पुण्यातली जानेवारीतली सकाळ. भाची उठल्या उठल्या अनवाणीच खिडकीशी पळाली होती. कट्ट्यावर तिचा फायटर मासा, दुकानातून आणलेल्या गोल बरणीत, जेमतेम दोन लिटर पाण्यात. आदल्या दुपारी आरशातल्या स्वतःवरच कल्ले फुगवून डाफरणारा हा निळा गडी आता तळाच्या गोट्यांवर एका कुशीला टेकला होता. रंग उतरलेला, कल्ल्यांची हालचाल अगदी सावकाश. दही नीट लागावं म्हणून मी स्वयंपाकघरात एक थर्मामीटर ठेवते, तो धुऊन बरणीत बुडवला. १८ अंश. मेला नव्हता, गारठला होता.

गारठला म्हणजे काय, हे आपल्याला नीटसं कळत नाही, कारण आपण आतून तापलेले प्राणी. बाहेर गारठा असो की उन्हाळा, आतला आकडा ३७च्या आसपास. मासा हा खर्च करत नाही. पाणी १८ तर त्याचं रक्त १८, जठर १८, मेंदूही १८. याला अपवाद आहेत. आपल्या कोकणातल्या बाजारात येणारा कुपा, म्हणजे ट्यूना, पोहताना स्नायूंत तयार झालेली ऊब रक्तवाहिन्यांच्या खास रचनेमुळे आतल्या आत अडवून धरतो. फायटरकडे तसलं काही नाही. पाणी दहा अंशांनी उतरलं की शरीरातली रासायनिक कामं साधारण दोन ते तीन पट मंदावतात. म्हणजे भाचीने रात्री प्रेमाने टाकलेले चार दाणे त्याच्या पोटात पडून होते आणि ते पचवणारं यंत्रच थंडावलं होतं. आपल्याला ताप आला तर शरीर स्वतः तापतं. माशाला तीही सोय नाही. प्रयोगात झेब्राफिशना संसर्ग झाला तेव्हा ते चक्क पोहत जास्त उबदार पाण्याकडे गेले. ताप त्यांना बाहेर शोधावा लागतो. बरणीतल्याने शोधायचा कुठे?

हा मासा मूळचा थायलंडचा, तिथल्या सखल प्रदेशातल्या भातखाचरांचा, दलदलींचा, गवताने भरलेल्या संथ पाटांचा. तिकडे त्याला 'प्ला-कत' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर केलं. बँकॉकचं वर्षाचं सरासरी तापमान २८च्या आसपास असतं आणि तिथला हिवाळा म्हणजे आपल्याकडची जरा बरी संध्याकाळ. त्यामुळे पाळणारे जाणकार २५ ते २७ अंश म्हणतात तेव्हा ते माशाचे लाड करत नसतात, त्याच्या गावचं हवामान सांगत असतात.

"खाचरात तर वीतभर पाण्यात राहतो, मग बरणी का चालत नाही?" हा प्रश्न दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. मीही विचारला होता. खाचर वीतभर खोल असतं, पण पसरलेलं असतं एकरभर, आणि त्याखाली तापलेल्या चिखलाची अख्खी जमीन. बरणीखाली काय, तर कडाप्प्याचा थंडगार कट्टा.

इथे थोडं गणित करायला मजा येते. दहा सेंटिमीटर बाजूचा पाण्याचा ठोकळा घ्या. त्यात एक लिटर पाणी मावतं आणि त्याला सगळीकडून मिळून ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. आता बाजू चाळीस सेंटिमीटर करा. पाणी झालं ६४ लिटर, पृष्ठभाग ९६००. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला फक्त १५०. उष्णता पळते ती पृष्ठभागातून. लहान ठोकळ्यातल्या लिटरला पळवाटा चौपट. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण तापमानाच्या बाबतीत ती पाण्यालाही शब्दशः लागू आहे. मोठं पाणी दुपारचं ऊन रात्रीपर्यंत लक्षात ठेवतं. बरणीतलं पाणी तासा-दोन तासांत विसरतं. आणि माशाला खरा त्रास होतो तो या विसराळूपणाचा. २४ असो की २७, तो निभावून नेतो. पण दुपारी २७, पहाटे १८, पुन्हा दुपारी २७ या झोक्यावर त्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसायला लागतात.

पाण्याची दुसरी एक करामत तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. माठ. मातीतून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. झाकण नसलेला टँक म्हणजे वरून उघडा माठच. दहा लिटर पाणी एका अंशाने थंड करायला किती वाफ लागते? साडेतीन चहाचे चमचे. बस्स. रात्रभर पंखा चालू असलेल्या खोलीत एवढं पाणी सहज उडतं. म्हणून हीटर घेण्याच्याही आधी झाकण घ्यावं. साधी काचेची पट्टी चालते, हवेला फट ठेवून.

फट का, तर फायटर वरची हवा पितो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो, चक्रव्यूहासारखा. त्याने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. गढूळ, सडक्या पाण्यात जगण्याची ही त्याची युक्ती. दर थोड्या वेळाने वर येणार, तोंडाने टच्‌ करून हवेचा घोट घेणार, खाली जाणार. म्हणजे याच्या घराला पाण्याचं तापमान तर आहेच, वर दोन बोटं हवेचंही आहे. झाकणाखाली अडकलेली ती दमट, ऊबदार हवा जाणकार फार जपतात, विशेषतः पिल्लं असताना. पिल्लांचा हा अवयव जन्मतः नसतो, काही आठवड्यांनी घडतो.

बरणी गेली, दहा लिटरचा टँक आला, झाकण आलं आणि २५ वॉटचा हीटर आला. काचेची नळी, आत तार, वर छोटा लाल दिवा. हिशोब पुन्हा सोपा: दहा लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात. काहीच गळती नाही असं धरलं तर २५ वॉटला त्यासाठी जवळजवळ अर्धा तास. ही संथ गतीच हवी. शंभर वॉटचा हीटर लावला आणि त्याचा स्विच अडकून बसला, तर दहा लिटरचं सूप व्हायला वेळ लागत नाही.

त्या साध्या हीटरच्या आत डोकावलं आणि मी थक्क झाले. तिथे दोन धातूंची, पाठीला पाठ लावून जोडलेली एक पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, मग पट्टी वाकते आणि वीज तुटते. पाणी निवलं की पट्टी सरळ होते, टिक्‌ आवाज होतो, लाल दिवा लागतो. ना मेंदू, ना चिप. ही जोडपट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन नावाच्या इंग्रज सुताराने काढली, जहाजावरचं घड्याळ उन्हाथंडीत मागेपुढे होऊ नये म्हणून. खलाशांना भर समुद्रात आपण कुठे आहोत हे कळावं यासाठी झालेला खटाटोप, आणि त्याच पट्टीवर आमचा फायटर रात्री निवांत झोपतो. (एक सूचना: हीटर बंद करून, पंधरा मिनिटं थांबून मगच पाण्याबाहेर काढावा. गरम नळी हवेत आली आणि परत पाण्यात गेली की तडकते. हे मी एक नळी तडकवून शिकले.)

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र हाताने झाली. पाणी बदलताना गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि गॅसवर तापवलेलं पाणी एकत्र करून मी बोट बुडवून बघायची. छान कोमट लागलं की ओतायची. भाचीने थर्मामीटर लावला: ३५! बोटाची कातडी साधारण ३२-३३ अंशांची असते. तिला जे कोमट लागतं ते तिच्याहून गरम असतं. २६ अंशांचं पाणी, माशासाठी अगदी योग्य, आपल्या बोटाला गारसर लागतं. हात तापमान मोजतच नाही, तो फक्त आपल्याशी फरक सांगतो. दूध विरजताना मात्र तोच हात बरोबर ठरतो, कारण दह्याला खरंच कोमट हवं असतं. आता बादलीत अँटी-क्लोरीनचे थेंब, थर्मामीटर, आणि टँकशी आकडा जुळला की मगाने थोडं थोडं. एका वेळी पाव टँक.

उन्हाळ्यात सगळं उलटं. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ३५ला पोचते, हीटर भिंतीवर टांगलेला, आणि पाणी २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं ते ३० अंशांना साडेसातच धरतं. फायटर हवेवर तगतो, पण त्याच्या आतलं यंत्र भरधाव सुटलेलं असतं. तेव्हा झाकण काढून त्या जागी जाळी ठेवायची, छोटा पंखा पाण्यावर फिरवायचा आणि थोडा वेळ टँकचा माठ होऊ द्यायचा. विदर्भातल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. मुंबईच्या दमटपणात ही युक्ती अर्धीच चालते, कूलर तिथे चालत नाही त्याच कारणाने. बर्फाचे खडे टाकणं मात्र नको. तो पुन्हा झोकाच.

गेल्या डिसेंबरात रात्री दोनला वीज गेली. लाल दिवा विझला. खोलीत २० अंश, टँकमध्ये २६. आईची जुनी गोधडी टँकभोवती गुंडाळली, वरून हवेपुरती उघडी ठेवली. सहाला वीज आली तेव्हा गोधडी बाजूला सारून पाहिलं: २४. हीटरमध्ये टिक्‌ झालं. फायटर पानाआडून वर आला, हवेचा एक घोट घेतला, आणि माझ्या हातातल्या टॉर्चवर कल्ले फुगवून धावून आला.